मेजरांची शाखा

सातारा जिल्ह्यात जितके मेजर आहेत तितके अख्ख्या भारतीय लष्करात नसतील. लष्करात मेजर व्हायला कमिशन लागतं, आमच्याकडे पेन्शन पुरते. माणूस शिपाई म्हणून भरती होतो, नाईक म्हणून परत येतो, आणि त्याची काळी ट्रंक एसटीतून स्टँडवर उतरली की उतरल्या जागी मेजर होतो. गावानं दिलेली ही बढती मग दिल्लीलाही काढून घेता येत नाही.

आमचे मेजर मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झाले आणि आमच्या बँकेच्या शाखेत बंदूकधारी गार्ड म्हणून लागले. माणूस सरळ. सुरुवातीला ज्याला त्याला सांगायचे, "मेजर नाही हो, हवालदार." समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं बरं मेजर." चोवीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी एकही चौकी सोडली नव्हती, त्यांनी ही एवढी एक सोडली.

मागच्या ऑक्टोबरात मेजर गेले. पहाटे फिरून आले, चहा घेतला, पेपर वाचला आणि गेले. आजारपण नाही, दवाखाना नाही, कुणाला तसदी नाही. पेपर घडी घालून जागेवर ठेवलेला होता, असं त्यांच्या मुलानं सांगितलं तेव्हा आमच्या कॅशियरबाईंना डोळ्यांत पाणी असताना हसू फुटलं.

आमच्या भागात आधी फ्लेक्स लागतो, मग माणूस गेला असं धरतात. शाखेच्या वतीनं चौकात फ्लेक्स लावायचं ठरलं. फ्लेक्सवाल्यानं फोनवर विचारलं, "पूर्ण नाव सांगा." आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. इतकी वर्षं ज्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्कानं खाल्ली, त्यांचं नाव एकालाही सांगता येईना. शेवटी जुनी हजेरीवही काढावी लागली. फोटोचा घोळ आणखी वेगळा. घरून आला तो बेळगावच्या सेंटरमधला, एकोणीस वर्षांच्या पोराचा: गाल आत, कान बाहेर, टोपीला हिरवा-लाल तुरा. मेजरांनी ज्यांच्या वर्षानुवर्षं स्लिपा भरून दिल्या ती माणसं फ्लेक्सखाली उभी राहून विचारत होती, "कुणाचं पोरगं गेलं म्हनायचं हे?" खाली शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यातल्या निदान तिघांना मेजरांनी रांग मोडल्याबद्दल कधी ना कधी मागं धाडलं होतं. फ्लेक्सवर मात्र तिघंही पहिल्या ओळीत.

शोकसभेत नवे मॅनेजर बोलले. त्यांनी मेजरांना जेमतेम पाहिलं होतं, त्यामुळं तेच सगळ्यांत जास्त वेळ बोलले. 1971 च्या युद्धात मेजरांनी शत्रूला कशी धूळ चारली, ते त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं. मेजर 1962 चे. 1971 साली ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होते आणि शत्रू म्हणावा असा त्यांचा एकाच माणसाशी परिचय होता, तो म्हणजे गणिताचे गुरुजी. सभेत कुणी दुरुस्ती केली नाही. मेजर असते तर उठून टाचा जुळवून म्हणाले असते, "साब, रिपोर्ट गलत है."

कागदावर त्यांचं काम एकच, बंदूक सांभाळणं. सरकारी बँकांत चतुर्थ श्रेणीच्या 24.5 टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. मेजरांच्या दिवसात बंदुकीचा वाटा त्या अर्ध्या टक्क्याएवढाच असेल. बाराबोअरची दुनळी ती. शनिवारी गर्दी ओसरली की मेजर खुर्ची मागच्या दारात उन्हाला ओढायचे, पुलथ्रूची दोरी नळीत सोडायचे, टोकाला तेल लावलेली चिंदी अडकवायचे आणि एका दमात खेचायचे. मग नळी उजेडाकडं धरून एक डोळा मिटून आत बघायचे. आत चिलटाचा पाय दिसला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा विचारलं, "मेजर, कधी चालणार नाही ती एवढी का पुसता?" ते म्हणाले, "चालणार नाही म्हणूनच पुसायची. रोज चालते तिची काळजी कुणी पण घेतं." मला ते मोठं तत्त्वज्ञान वाटलं. नंतर लक्षात आलं की स्कूटरच्या स्टेपनीबद्दलही त्यांचं हेच मत होतं आणि तीही ते शनिवारीच पुसायचे.

उरलेले साडेनव्व्याण्णव टक्के मेजर दाराजवळच्या टेबलाशी बसून लोकांचे कागद भरून द्यायचे. शाखेत चौकशीसाठी वेगळा काउंटर होता, त्यावर तशी पाटी होती. पाटीमागं माणूस असल्याचं मी ऐकलेलं नाही. चौकशी सगळी मेजरांकडं. बंदुकीला भिऊन चोर येत नसत, आणि म्हाताऱ्या बंदुकीला अजिबात भीत नसत. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे महिन्याच्या अमुक तारखेलाच येतील असं ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. तरी एक तारखेपासून आज्या यायला लागायच्या.

"मेजर, आलं का रं बाबा पैसं?"

"निघालेत आजी मुंबईहून."

"कुठवर आल्यात?"

"खंबाटकीच्या घाटात गाडी अडकलीय. ट्रॅफिक लई."

आजी समाधानानं परत जायची. घाटात गाडी अडकते हे तिला पटायचं. तिचा लेक दर शनिवारी पुण्याहून येताना तिथंच अडकायचा. दोन दिवसांनी पैसे पाचवडला पोचलेले असायचे. "आता सोमवारी या, सोमवारपर्यंत येतातच." आणि सोमवारी ते खरंच आलेले असायचे, कारण ट्रेझरीतून यादी आली की नाही हे मेजर रोज सकाळी साहेबांच्या टेबलाशी उभं राहून विचारून घ्यायचे. हेच उत्तर आमच्या काउंटरवरून "डीबीटी पेंडिंग आहे" असं मिळायचं. ते ऐकून आजी दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची, एसटीला पैसे घालून.

पैसे जमा झाले की मेजर आवाज द्यायचे, "आजी लोग, फालिन!" आणि पंधरा-वीस नऊवाऱ्या भिंतीकडच्या बाकावर वयानुसार बसायच्या. वयावरून वाद व्हायचा. आपण थोरली असल्याचा दावा बायका हिरिरीनं करतात असं दृश्य मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

आम्हा स्टाफलाही त्यांनी हुद्दे वाटले होते. मॅनेजर म्हणजे सीओ साब. कॅशियरबाई क्वार्टरमास्टर, कारण माल त्यांच्या ताब्यात. कर्ज विभागाचे साहेब तोफखाना. लांबून मारा करतात आणि कुणाला लागला ते बघायला जात नाहीत. मी बाबूजी. ऑडिटर आले की मेजर आदल्या दिवसापासून दाराच्या पितळी कड्या घासायला लागायचे. आम्ही म्हणायचो, ऑडिटर कड्या बघत नाहीत. मेजर म्हणायचे, "बघतात. कडी चमकली की माणूस आत येताना निम्मा गार होतो." आमच्या शाखेच्या ऑडिट रिपोर्टात शेरे भरपूर असायचे, पण भाषा सौम्य असायची. हे कड्यांमुळं होतं असं माझं ठाम मत आहे.

चहाला त्यांच्याबरोबर जाणं ही मात्र शिक्षा होती. लाइट इन्फंट्रीची चाल इतर पलटणींपेक्षा जलद. मेजर हॉटेलात पोचून चहा सांगायचे, आम्ही पोचेपर्यंत त्यावर साय धरलेली असायची.

एका रात्री दोनच्या सुमाराला शाखेचा सायरन वाजला. मी धापा टाकत पोचलो तर मेजर आधीच हजर. अंगात बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि पायात पॉलिश केलेले, लेस बांधलेले बूट. बंदूक आत कुलपात, म्हणून हातात काठी. जमलेल्या बघ्यांचे त्यांनी तोवर दोन सेक्शन पाडले होते; एक मागच्या बोळात, एक समोर, आणि दूधवाल्याला रिझर्व्ह म्हणून नगरपालिकेच्या नळापाशी ठेवलं होतं. अंधारातून पोलीस ठाण्याचे हवालदार आले. मेजर गरजले, "थम! कौन आता है? हाथ ऊपर!" आणि हवालदारांनी हात वर केले. (पुढं ते गावात सांगायचे की आपण जांभई देत होतो.) दार उघडून बघतो तर उंदरानं सेन्सरची वायर कुरतडलेली. दुसऱ्या दिवशी सुरक्षा रजिस्टरात मेजरांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद होती: "घुसखोर एक. जात उंदीर. आपले नुकसान वायर एक. शत्रू फरार. पाठलाग चालू." पाठलाग खरंच चालला. चौथ्या दिवशी पिंजऱ्यात सापडलेला घुसखोर त्यांनी स्कूटरवरून गावाबाहेरच्या माळावर नेऊन सोडला.

बँकेत नवीन लागलेली मुलं त्यांना हमखास विचारायची, "मेजर, युद्धात किती मारले?" मेजरांची पलटण नव्वदच्या दशकात सियाचेनवर होती. 13 एप्रिल 1984 ला ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून आपली फौज तिथं वर बसलेली आहे आणि 2003 च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधी होईपर्यंत गोळागोळीही चालू होती. मुलांना वाटायचं आता सिनेमा सुरू होणार. मेजर सांगायचे स्टोव्हची गोष्ट. अठरा-एकोणीस हजार फुटांवर रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचा कसा, बर्फ वितळवून कपभर पाणी करायला किती वेळ जातो, काजळीनं थुंकी काळी कशी येते. अंडं हातोडीनं फोडायचं. टूथपेस्ट दाबली की बाहेर येत नाही, ट्यूबच तडकते. "गोळ्या चालवल्या की नाही?" "चालवल्या ना. एक रायफलची, एक डोकेदुखीची. दुसरी जास्त." मुलं हिरमुसून जाग्यावर जायची. सियाचेनवर गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनी जास्त माणसं नेली, हे ते मुलांना सांगत नसत. आणि एवढ्या थंडीतून आलेला हा माणूस आमच्या शाखेतल्या एसीखाली कानटोपी घालून बसायचा. "उणे पन्नासात राहिलात ना?" म्हटलं तर म्हणायचे, "तिथं हुकूम होता. इथं कुणी हुकूम दिलाय?"

2016 च्या फेब्रुवारीत सियाचेनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या पलटणीतले दहा जण गाडले गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. सहाव्या दिवशी लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद पस्तीसेक फूट बर्फाखालून जिवंत निघाले. ती बातमी आली त्या दिवशी मेजरांनी आजीलोकांनाही फालिन दिला नाही. 11 तारखेला हणमंतप्पा दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात गेले. मेजरांनी एसी बंद करायला सांगितला आणि तो संध्याकाळपर्यंत कुणी लावला नाही.

युद्धाची खरीखुरी वाटणारी गोष्ट मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकली, ती त्याच वर्षी, नोटाबंदीत.

8 नोव्हेंबरच्या रात्री आठला घोषणा झाली. 9 तारखेला बँका बंद होत्या, आणि मेजर सकाळी सातला शाखेसमोर फक्कीची पिशवी घेऊन खो-खोच्या मैदानासारखे पट्टे आखत होते. 10 तारखेला आम्ही कामावर आलो तर चार रांगा तयार. नोटा बदलणाऱ्यांची एक, भरणाऱ्यांची एक, काढणाऱ्यांची एक, आणि चौथी पेन्शनरांची, कारण नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. देशात काहीही होवो, पेन्शनरानं नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचंच असतं. माणशी चार हजार बदलून मिळत होते, एटीएममधून दोन हजार, मग बोटाला शाई आली. रोज एक नवं परिपत्रक. आम्हाला ते दुपारी कळायचं, लोकांना टीव्हीवर सकाळीच कळलेलं असायचं. टेबलांमागं बसलेले आम्ही एकमेकांवर खेकसत होतो आणि बाहेर तीनशे माणसं गप्प उभी होती. मेजरांनी घरून ताकाची कळशी मागवली होती. ज्याचा आवाज चढेल त्याला ते काही बोलायचे नाहीत, ताकाचा पेला हातात द्यायचे. ताक पिताना भांडता येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरण्याच्या रांगेत एक बाई आल्या. पदराखाली रुमाल, रुमालात हजाराच्या नोटा. कोंबड्या, अंडी, दुधाचे चार पैसे बाजूला टाकत संसारात लपवून जमवलेले. आणि बदलण्याच्या रांगेत, बरोब्बर समोर, त्यांचा नवरा. त्याची मान वळायचा अवकाश होता. बाईंचा चेहरा असा झाला की ताकावर भागणार नव्हतं. मेजरांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं, मग सरळ त्या गृहस्थाच्या खांद्यावर हात टाकून त्याला रस्त्याकडं तोंड करून फिरवलं आणि सुरू झाले. रात्र कशी होती, शत्रू कुठून आला, हे किती होते, ते किती होते. ग्रेनेड फुटले, वायरलेस तुटला, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं. बदलण्याची अख्खी रांग ऐकत उभी राहिली. दोघं-तिघं तर आपला नंबर आला तरी हलेनात. बाईंनी पैसे भरले, पासबुकावर नोंद करून घेतली, पासबुक ब्लाउजमध्ये ठेवलं आणि मागच्या दारानं गेल्या. मेजरांनी ते नजरेच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि उरलेलं युद्ध दोन वाक्यांत जिंकून टाकलं. संध्याकाळी मी विचारलं, "मेजर, ही लढाई कुठली?" "कुठली नाही," ते म्हणाले, "शाखेसमोरची."

त्यांच्या लोकप्रियतेचं श्रेय काही लोक कँटीनला द्यायचे. माजी सैनिकाशी ओळख म्हणजे मिलिटरी कँटीनशी ओळख, अशी आपल्याकडं समजूत आहे. ओळख झाल्या झाल्या लोक रेजिमेंट विचारत नाहीत, कोटा विचारतात. मेजर स्वतः घेत नसत, त्यामुळं त्यांच्या कोट्यावर तालुक्याचा डोळा. दर तीन वर्षांनी नवे मॅनेजर यायचे आणि पहिल्या थंडीत मेजरांच्या तब्येतीची चौकशी करायला लागायचे. मेजर शांतपणे म्हणायचे, "साब, बाटलीवर लिहिलेलं असतं, फक्त संरक्षण दलासाठी. आपली पलटण कुठली?" विषय तिथं संपायचा. साबण, पावडर, चहाची पुडकी मात्र त्यांच्या स्वतःच्या घरचा वाटा म्हणून शाखेत फिरायची, विशेषतः कुणाकडं बाळंतपण असलं की. पैसे दिले तर घ्यायचे, पावतीसकट हिशोब करून. सुटे दोन रुपये परत द्यायला घरी यायचे, आणि दोन रुपये द्यायला आलेला माणूस जाताना बाळाच्या हातावर शंभराची नोट ठेवून जायचा.

2022 मध्ये साठ पूर्ण होऊन ते बँकेतूनही निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस आला नाही, कॅमेरे आले. कॅमेऱ्यांना सगळं दिसतं, पण खंबाटकीत काय चाललंय ते सांगता येत नाही. नोव्हेंबर लागला की मेजर मात्र बिनपगारी हजर व्हायचे. सियाचेनच्या बेस कॅम्पला ओपी बाबांचं मंदिर आहे. वर चढणारी तुकडी आधी बाबांना रिपोर्ट देते, खाली उतरली की पुन्हा देते. आमचे पेन्शनर तसे आधी मेजरांना रिपोर्ट द्यायचे आणि मग काउंटरवर जायचे. 2014 पासून हयातीचा दाखला अंगठा लावून देता येतो. पण जन्मभर खुरपं-कुदळ धरलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नसतात आणि यंत्र त्याला ओळख देत नाही. मेजर खोबरेलाची बाटली घेऊन बसायचे. बोट धुवायचे, तेल चोळायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. तरी नाही जमलं तर मोबाइल समोर धरून चेहऱ्यावरून. "आजोबा, डोळे मिचकावा. एक नाही, दोन्ही. आजोबा, ती नर्स नाही, कॅमेरा आहे."

मागच्या नोव्हेंबरात शाखेत सगळी यंत्रणा होती आणि मेजर नव्हते. जुन्या पलटणीतले एक आजोबा काठी टेकत आले आणि फॉर्म द्यायलाच तयार होईनात. म्हणाले, दाखला मेजरकडंच देणार. त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी ऐकलं, थोडा वेळ बाकावर बसले आणि म्हणाले, "तो नसंल तर मी जित्ता हाय हे कोन सांगणार?" आमच्या कॅशियरबाई काउंटर सोडून बाहेर आल्या आणि त्यांच्या अंगठ्याला तेल लावायला बसल्या. मागं रांग वाढली. कुणी आवाज चढवला नाही.

त्याच आठवड्यात काकू आल्या, मेजरांच्या पत्नी. आम्हाला कळलंच नाही. आमचं लक्ष गेलं तेव्हा त्या रांगेत चौथ्या होत्या. धावत जाऊन म्हटलं, "काकू, आत यायचं ना सरळ!" त्यांनी पिशवीतून फाइल काढून वरचा कागद दाखवला. मेजरांचं टपोरं अक्षर, वर शीर्षक: "ऑपरेशन ऑर्डर. मी गेल्यावर." पहिल्या दिवशी कागदाला हात लावू नये, रडून घ्यावं. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागावं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी, उशीर झाला तर हेलपाटे वाढतात. दाखल्याच्या दहा प्रती घ्याव्यात, झेरॉक्स नव्हे, खऱ्या. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, मसुदा सोबत जोडला आहे, फक्त तारीख घालावी. कँटीनचं माझं कार्ड परत करावं, स्वतःचं नवीन काढावं, साबणाचा कोटा सोडू नये. आणि सगळ्यांत शेवटी, खाली रेघ मारून: "बँकेत गर्दी असेल तर रांगेत उभं राहावं. ओळख सांगू नये."

आम्ही त्यांना रांगेतून काढायचा प्रयत्न केला. त्या हलल्या नाहीत. हुकूम होता.

काउंटरवर त्यांचं काम फार वेळ चाललं नाही. डिस्चार्ज बुक, पेन्शनची ऑर्डर, आधार, पासबुक, सगळीकडं काकूंचं नाव एकाच स्पेलिंगनं, जन्मतारीख एकच, खातं दोघांच्या नावावर. बँकेत काम करणाऱ्यालाच कळेल की ही किती दुर्मीळ गोष्ट आहे. आपल्याकडं लग्नात नवऱ्यानं तांदळात बोट फिरवून बायकोचं नाव बदललेलं असतं. भरतीच्या वेळी घरचं नाव, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये क्लार्कला ऐकू आलं ते नाव, आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासूनं सांगितलेलं. फौजी आहे तोवर कुणाचं काही अडत नाही. तो गेला की ही सगळी नावं काउंटरवर एकमेकांसमोर उभी राहतात आणि सत्तरीतल्या बाईला आपण आपणच आहोत याचं ॲफिडेव्हिट करत फिरावं लागतं. मेजरांनी बँकेच्या दारात बसून अशा किती बायकांचे कागद जुळवले त्याची नोंद कुठंच नाही, कारण ते त्यांचं काम नव्हतं.

म्हणून आता एवढंच. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणी फौजी असतील तर या रविवारी त्यांची काळी ट्रंक उघडायला लावा. डिस्चार्ज बुक काढा, त्यातलं बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि ते गृहस्थ धडधाकट आहेत तोवर जा. त्यांच्या सहीनं जे होतं ते नंतर शपथपत्रांनी होता होत नाही. कार्यालय सोमवार ते शुक्रवार, पावणेदहाला उघडतं. साडेनऊला पोचा. झेरॉक्स दोन जास्त न्या. आणि बायकोला बरोबर न्या, तिचं नाव नक्की काय आहे ते तिलाच माहीत असतं.